हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती प्रयोगशाळेत कशी तपासावी

हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती मोजण्याच्या कामाला लागणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवली पाहिजे: मोजायचे आहे ते नेमके काय? गोवर एकदा येऊन गेला की माणूस बहुधा जन्मभर त्यातून सुटतो. हिवतापात असे होत नाही. जेथे लागण वर्षानुवर्षे होत राहते तेथील मूल प्रथम जिवावर बेतणाऱ्या आजारापासून सुरक्षित होते, त्यानंतर बऱ्याच काळाने तापापासून, आणि रक्तात थोडेफार परजीवी तर प्रौढपणीही सापडत राहतात. गंभीर आजार टळणे, ताप टळणे आणि परजीवींची संख्या आटोक्यात राहणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि कोणतीही एक चाचणी तिन्हींचे उत्तर देत नाही.

१९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गॅम्बियातील प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडांचा (रोगजंतूला चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांचा) अंश वेगळा काढून तो हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना दिला आणि त्या मुलांच्या रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने घसरली. रक्तातील अवस्थेला आवर घालण्यात प्रतिपिंडांचा वाटा मोठा आहे हे त्यावरून दिसले. मात्र त्या मिश्रणातील नेमकी कोणती प्रतिपिंडे उपयोगी पडली, हा प्रश्न तसाच राहिला. हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी असलेल्या फाल्सिपेरमच्या जनुकसंचात पाच हजारांहून अधिक जनुके आहेत आणि लागण झालेले शरीर त्यांतील शेकडो प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांतील बरीचशी केवळ लागण होऊन गेल्याची खूण असतात. परजीवीला प्रत्यक्ष अडवणारी थोडीच. खूण कोणती आणि संरक्षण कोणते हे वेगळे करता यावे, यासाठीच पुढील पद्धती एकमेकींना जोडून वापरायच्या असतात.

आधी अवस्था ठरवावी

डासाच्या चाव्यातून आलेले स्पोरोझोइट (परजीवीचे पहिले रूप) त्वचेतून रक्तात आणि तेथून यकृतात जातात. फाल्सिपेरम यकृतपेशीत साधारण सहा-सात दिवस वाढतो, मग हजारो मेरोझोइट रक्तात सुटतात आणि तांबड्या पेशींत शिरून ४८ तासांचे चक्र सुरू करतात. काही परजीवी गॅमेटोसाइट (लैंगिक रूप) बनतात आणि पुढच्या डासात जातात. स्पोरोझोइट आणि मेरोझोइट पेशीबाहेर असताना प्रतिपिंडांच्या तडाख्यात सापडतात. यकृतपेशीत दडलेल्या परजीवीपर्यंत मात्र मुख्यतः टी-पेशीच (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पोचतात, कारण यकृतपेशीच्या पृष्ठभागावर परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे मांडले जातात. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीवर हे तुकडे मांडणारी यंत्रणाच नसते. त्यामुळे रक्तावस्थेचा अभ्यास करणाऱ्याने मारक टी-पेशींच्या चाचणीवर वेळ घालवण्यापूर्वी, त्या पेशी संसर्गित तांबड्या पेशीला ओळखणार तरी कशा, हे स्वतःला विचारावे.

नमुना घेताना होणाऱ्या चुका पुढे दुरुस्त होत नाहीत

प्रतिपिंडांसाठी सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घ्यावे. हेपारिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) घातलेल्या नळीतील प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातील द्रव, वाढरोध चाचणीत (प्रतिपिंडे परजीवीची वाढ किती रोखतात ते मोजणारी, पुढे येणारी चाचणी) थेट वापरू नये, कारण हेपारिन स्वतःच मेरोझोइटला तांबड्या पेशीत शिरू देत नाही. ईडीटीए हे दुसरे गोठणरोधक कॅल्शियम बांधून ठेवते आणि त्यामुळेही परजीवीची वाढ थांबते. दोन्ही बाबतींत आकडा उत्तम दिसतो आणि तो पूर्णपणे खोटा असतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे औषध. रक्त देणाऱ्याने अलीकडे हिवतापाचे औषध किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक घेतले असेल तर तेही सीरमसोबत चाचणीत उतरते. म्हणून औषधांचा इतिहास नोंदवावा आणि त्या नोंदीवर विसंबून न राहता प्रतिपिंडे शुद्ध करूनच वापरावीत.

पेशींच्या चाचण्यांसाठी उलट हेपारिन सोयीचे पडते. रक्त थंड करू नये, खोलीच्या तापमानाला ठेवावे आणि शक्यतो आठ तासांच्या आत त्यावर काम करावे. विरल केलेले रक्त १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रावणावर अलगद सोडून ४०० जी वर ३० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे, शेवटी ब्रेक लावू नये, आणि मधला पांढरा थर काढून दोनदा धुवावा. साठवायच्या पेशी दहा टक्के डीएमएसओ (गोठवताना पेशींना जपणारे द्रव्य) असलेल्या सीरममध्ये घेऊन मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ८० पर्यंत उतरवाव्यात आणि एक-दोन दिवसांत द्रव नायट्रोजनमध्ये हलवाव्यात. ज्यांना उणे ८० चे कपाट हेच कायमचे घर वाटते त्यांच्या पेशी काही महिन्यांनी जिवंत दिसतात, पण प्रतिसाद देत नाहीत. हे नुकसान चाचणीच्या दिवशीच कळते, आणि तोवर रक्त देणारी व्यक्ती पुन्हा भेटण्याची शक्यता संपलेली असते.

नमुन्यांत कावीळ आणि एचआयव्हीचे विषाणू असू शकतात हे गृहीत धरून दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेत काम करावे. संवर्धनातील फाल्सिपेरम सुईवाटे शरीरात गेला तर खराखुरा हिवताप होतो, म्हणून संवर्धनाच्या टेबलावर सुई येऊच देऊ नये.

परजीवी जिवंत ठेवणे

१९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरमचे अखंड संवर्धन साधले. मेणबत्ती पेटवून झाकलेल्या बरणीत ज्योत विझेपर्यंत प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, या साध्या युक्तीने त्यांना हवी ती हवा मिळाली. आज पाच टक्के प्राणवायू, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन असे तयार मिश्रण वापरतात. पण गॅसची टाकी नसेल तर मेणबत्तीची बरणी अजूनही चालते.

माध्यम म्हणून आरपीएमआय १६४० घ्यावे आणि त्यात हेपेस, सोडियम बायकार्बोनेट, हायपोझँथिन, जेंटामायसिन आणि दहा टक्के मानवी सीरम किंवा अर्धा टक्का अल्ब्युमॅक्स (सीरमऐवजी वापरायचे अल्ब्युमिन) मिसळावे. प्रतिकारशक्तीच्या कामासाठी अल्ब्युमॅक्सच बरे, कारण दुसऱ्या कोणाची प्रतिपिंडे मध्ये येत नाहीत. तांबड्या पेशी ओ गटाच्या घ्याव्यात, म्हणजे चाचणीच्या सीरममधील रक्तगटविरोधी प्रतिपिंडे त्यांना चिकटणार नाहीत. पेशींचे प्रमाण दोन ते पाच टक्के आणि तापमान ३७ अंश ठेवावे, माध्यम रोज बदलावे आणि परजीवींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. रोज एक काचपट्टी जिम्सा रंगाने रंगवून पाहावी. परजीवी आजारी पडला की आकड्यांआधी त्याचा आकार सांगतो: गोल रिंग (तांबड्या पेशीतील परजीवीची कोवळी अवस्था) आक्रसून गडद ठिपक्यासारखी दिसू लागते.

सगळे परजीवी एका वयाचे करण्यासाठी लॅम्ब्रोस आणि व्हँडरबर्ग यांची १९७९ ची पद्धत आजही पुरेशी आहे. पेशींचा गाळ पाच टक्के सॉर्बिटॉलमध्ये दहा मिनिटे ठेवावा. मोठ्या अवस्थांतील परजीवीने तांबड्या पेशीच्या आवरणात नवे मार्ग उघडलेले असतात; त्यांतून सॉर्बिटॉल आत शिरते आणि पेशी फुटते, तर रिंग अवस्था शाबूत राहते. उलट मोठ्या अवस्थाच हव्या असतील तर चुंबकीय स्तंभ वापरावा, कारण त्यांच्यातील हिमोझॉइन (हिमोग्लोबिन पचवून उरणारे लोहयुक्त रंगद्रव्य) चुंबकाकडे ओढले जाते. संवर्धनात मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला आहे का, हे पीसीआरने ठरावीक अंतराने तपासावे. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि वाढीचे सगळे आकडे गुपचूप बदलतो.

प्रतिपिंडांची मोजणी: एलायझा आणि मणी

एलायझा, म्हणजे प्लेटला चिकटवलेल्या प्रतिजनाला सीरममधील किती प्रतिपिंडे धरतात ते रंगावरून मोजणारी चाचणी, सोपी आहे, म्हणूनच ती निष्काळजीपणे केली जाते. शुद्ध प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते ते परजीवीचे प्रथिन) ९.६ पीएचच्या कार्बोनेट द्रावणात, मिलिलिटरला साधारण अर्धा ते एक मायक्रोग्रॅम या प्रमाणात, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये रात्रभर चार अंशांवर ठेवावे. धुऊन स्किम्ड दुधाच्या द्रावणाने मोकळ्या जागा बुजवाव्यात, विरल केलेले सीरम घालावे, पुन्हा धुवावे, मग मानवी आयजीजी (रक्तातील प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) ओळखणारे, एंझाइम जोडलेले प्रतिपिंड आणि शेवटी टीएमबी हे रंग देणारे द्रव्य घालून, आम्लाने क्रिया थांबवून ४५० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. प्रत्येक सीरम दोन खळग्यांत असावे. दोन वाचनांत मोठी तफावत पडली तर सरासरी काढून वेळ मारून नेऊ नये, चाचणी पुन्हा करावी.

यात सर्वांत नाजूक गोष्ट आहे प्रतिजनाची घडी. मेरोझोइटवरील एएमए-१ हे प्रथिन आणि एमएसपी-१ या प्रथिनाच्या टोकाचा १९ किलोडाल्टनचा तुकडा यांचा आकार डायसल्फाइड बंधांनी टिकतो. हे बंध तुटले की प्रथिन तेच राहते, पण परजीवीला अडवणारी बहुतेक प्रतिपिंडे त्याला ओळखेनाशी होतात. जिवाणूंकडून बनवून घेतलेले प्रथिन बंध जुळलेल्या आणि तोडलेल्या अशा दोन्ही रूपांत शेजारी शेजारी तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. प्रथिन शुद्ध करण्यासाठी जोडलेली शेपटी किंवा जोडप्रथिन वेगळ्या खळग्यात एकटे ठेवून तेही तपासावे; काही सीरम प्रतिजनाला नव्हे तर त्या जोडालाच चिकटतात.

प्रत्येक प्लेटवर भरपूर प्रतिपिंडे असलेल्या मिश्र सीरमची विरलनमालिका असावी आणि बाकीचे आकडे त्या वक्ररेषेवरून काढावेत, म्हणजे सोमवारची प्लेट गुरुवारच्या प्लेटशी ताडता येते. सकारात्मक कोणाला म्हणायचे याची सीमा हिवताप कधीही न झालेल्या लोकांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवून काढण्याची प्रथा आहे. ती वापरावी, पण त्या सीमेचा अर्थ ‘पूर्वी संपर्क आला’ एवढाच आहे हे लिहून ठेवावे. ‘संरक्षित’ हा शब्द तेथे शोभत नाही.

आयजीजीचे उपप्रकारही मोजावेत. आयजीजी-१ आणि आयजीजी-३ भक्षक पेशींच्या ग्राहींना घट्ट धरतात आणि पूरक प्रथिनांना (प्रतिपिंडांच्या जोडीने रोगजंतूवर हल्ला करणाऱ्या रक्तातील प्रथिनांना) जागे करतात; आयजीजी-२ आणि आयजीजी-४ हे काम फारसे करत नाहीत. आयजीजी-३ चे रक्तातील अर्धायुष्य जेमतेम आठवड्याचे, तर आयजीजी-१ चे सुमारे तीन आठवड्यांचे. त्यामुळे आयजीजी-३ जास्त आढळले तर लागण अलीकडची असण्याची शक्यता आधी लक्षात घ्यावी.

अनेक प्रतिजने एकदम तपासायची असतील तर रंगखुणा असलेल्या मण्यांवर ती जोडून एकाच खळग्यात वाचता येतात. सीरम थोडे लागते, हा मोठा लाभ, विशेषतः लहान मुलांच्या अभ्यासात. मात्र अतिशय जास्त प्रतिपिंडे असलेल्या सीरममध्ये संकेत वाढण्याऐवजी घटतो, म्हणून निदान दोन विरलने करावीतच.

वाढरोध चाचणी

येथे खूण मागे पडते आणि कार्य समोर येते. प्रतिपिंडे घालून परजीवी वाढू दिला तर तो किती कमी वाढतो, एवढाच सरळ प्रश्न आहे. तरीही या चाचणीइतकी फसवी चाचणी माझ्या पाहण्यात नाही, कारण परजीवी न वाढण्याची कारणे शंभर असतात आणि प्रतिपिंड हे त्यांतील एक.

सीरममधून प्रथिन-जी च्या स्तंभावर आयजीजी वेगळे करावे, आरपीएमआयमध्ये डायलिसिस करून बदलून घ्यावे आणि सांद्र करावे. मग ५६ अंशांवर वीस ते तीस मिनिटे तापवून उरलेसुरले पूरक प्रथिन निकामी करावे, ओ गटाच्या निरोगी तांबड्या पेशींसोबत ठेवून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे काढून टाकावीत आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावे. शुद्ध केलेल्या आयजीजीची चाचणी बहुधा मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमपर्यंत करतात, म्हणजे प्रौढाच्या रक्तातील एकूण आयजीजीच्या आसपास.

एकवयीन केलेले मोठ्या ट्रोफोझोइट (वाढत्या) आणि शायझाँट (फुटायला आलेल्या) अवस्थेतील परजीवी घ्यावेत, म्हणजे सुमारे ४० तासांच्या अवधीत एक पूर्ण फुटणे आणि शिरणे घडते. परजीवींचे सुरुवातीचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आसपास आणि तांबड्या पेशी एक टक्का ठेवाव्यात. शेवटी परजीवीच्या लॅक्टेट डीहायड्रोजिनेजची क्रिया मोजावी. हे एंझाइम माणसाच्या एंझाइमच्या उलट एपीएडी हा सहघटक सहज वापरते, म्हणून दोघांची सरमिसळ होत नाही. केवळ निरोगी पेशींचे वाचन दोन्हींतून वजा करून, प्रतिपिंड असलेल्या खळग्याचे प्रतिपिंड नसलेल्या खळग्याशी गुणोत्तर काढावे, ते एकातून वजा करून शंभराने गुणावे. तो रोधाचा टक्का. डीएनए रंगवून फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून प्रकाशाने तपासणाऱ्या यंत्रावर) मोजण्याची पद्धतही चांगली आहे आणि त्यात परजीवी कोणत्या अवस्थेत अडकला तेही दिसते.

प्लेटवर तीन तुलना नसतील तर निकाल वाचूच नये. एक, हिवतापाचा संपर्क कधीही न आलेल्या लोकांचे आयजीजी, त्याच पद्धतीने शुद्ध केलेले आणि त्याच सांद्रतेचे. दोन, वाढ निश्चित थांबवणारे काही, जसे एएमए-१ किंवा आरएच-५ (मेरोझोइटचे आणखी एक प्रथिन) विरुद्धचे ज्ञात प्रतिपिंड. तीन, फक्त द्रावण. पहिल्या तुलनेतच वीस-पंचवीस टक्के रोध दिसू लागला तर दोष शुद्धीकरणात शोधावा. औषधाची शंका असेल तर त्या औषधाला दाद न देणाऱ्या वाणावर तीच चाचणी करावी. रोध नाहीसा झाला तर उत्तर मिळाले.

एकच वाणही पुरत नाही. एएमए-१ वाणागणिक बदलते, म्हणून ३डी७ वाणाला थोपवणारी प्रतिपिंडे दुसऱ्या वाणापुढे निष्प्रभ ठरू शकतात. आरएच-५ फार कमी बदलते आणि तांबड्या पेशीवरील बासिजिन या प्रथिनाशी त्याची गाठ पडल्याशिवाय फाल्सिपेरमला आत शिरता येत नाही, हे २०११ मध्ये कळले. लसींच्या कामात त्याला महत्त्व आले ते याच कारणाने. मेरोझोइट बाहेर असतो जेमतेम काही मिनिटे. तेवढ्यात प्रतिपिंडाने त्याला गाठायचे असते, त्यामुळे प्रतिपिंड किती घट्ट धरते याइतकेच ते किती लवकर पकडते यालाही मोल आहे.

वाढरोध चाचणीत रोध न दिसणाऱ्या माणसालाही संरक्षण असू शकते, कारण या प्लेटमध्ये भक्षक पेशीही नाहीत आणि पूरक प्रथिनेही नाहीत. ती उणीव भरण्यासाठी भक्षणाची चाचणी करावी: पक्व शायझाँटांवर ई-६४ हे रोधक वापरून ते फुटू न देता साठवावेत, १.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून दाबून मेरोझोइट मोकळे करावेत, रंगवावेत, सीरमसोबत ठेवावेत आणि टीएचपी-१ या संवर्धित भक्षक पेशींना द्यावेत. किती पेशींनी मेरोझोइट गिळले ते सायटोमीटर सांगतो. सी१क्यू हे पूरक प्रथिन प्रतिजनावरील प्रतिपिंडांना चिकटते का, हे साध्या एलायझाच्या प्लेटवरही पाहता येते.

संसर्गित तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील पीएफ-ईएमपी-१ प्रथिनाचा विचार वेगळा करावा लागतो. त्याची सुमारे साठ जनुके परजीवी आलटून पालटून वापरतो, म्हणून संवर्धनातील परजीवी कोणते रूप दाखवत आहे ते आधी तपासावे. गर्भवतीच्या वारेत साठणारे परजीवी व्हीएआर२सीएसए हे रूप दाखवतात. वारेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए या शर्करेला चिकटणारे परजीवी निवडून, ते चिकटणे सीरम रोखते का हे पाहिले की त्या संरक्षणाचा थेट अंदाज येतो.

टी-पेशी

वितळवलेल्या पेशी रात्रभर विसावू द्याव्यात आणि ऐंशी टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर त्या दिवशी चाचणी करू नये. एलिस्पॉट या चाचणीत, जिच्यात स्राव देणारी प्रत्येक पेशी एक ठिपका उमटवते, इंटरफेरॉन-गॅमा या टी-पेशींच्या स्रावाविरोधी प्रतिपिंडाचा लेप दिलेल्या खळग्यात दोन लाख पेशी घालून, प्रतिजनाचे पंधरा अमिनो आम्लांचे व अकरांनी एकमेकांवर येणारे तुकडे मिसळावेत आणि अठरा ते वीस तासांनी ठिपके मोजावेत. नुसत्या माध्यमाचा खळगा आणि पीएचए या टी-पेशींना सरसकट चेतवणाऱ्या द्रव्याचा खळगा अनिवार्य आहे. कोणत्या पेशीने स्राव दिला हे हवे असेल तर ब्रेफेल्डिनने स्राव आत अडवून सायटोमीटरवर पाहावे. रक्तातील टी-पेशी यकृतातील टी-पेशींचे पूर्ण चित्र दाखवत नाहीत, ही मर्यादा निकालासोबतच लिहावी.

यकृत, डास आणि व्हायव्हॅक्स

स्पोरोझोइटसाठी संसर्गित डासांच्या लाळग्रंथी विच्छेदून काढाव्या लागतात. ते एचसी-०४ या संवर्धित यकृतपेशींवर किंवा माणसाच्या ताज्या यकृतपेशींवर सोडून प्रतिपिंडे शिरकाव रोखतात का ते पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ मधील आर२१ या दोन्ही लसी स्पोरोझोइटवरील सीएसपी प्रथिनाच्या पुनरावृत्त भागावर बेतलेल्या आहेत, म्हणून त्या भागाविरुद्धची एलायझा येथे नेहमीची झाली आहे. डासांची सोय नसेल तर सीएसपी व्यक्त करणारा बेर्गाय हा उंदीरवर्गीयांचा हिवताप-परजीवी उंदरांत वापरता येतो.

प्रसाररोधासाठी पक्व गॅमेटोसाइट सीरमसोबत पातळ पडद्यातून अॅनोफेलिस माद्यांना पाजतात आणि सात-आठ दिवसांनी त्यांच्या आतड्यावरील ऊसिस्ट (परजीवीच्या गाठी) मोजतात. पीएफएस-२३० या गॅमेटोसाइटच्या प्रथिनाविरुद्धच्या बऱ्याच प्रतिपिंडांना पूरक प्रथिनांची गरज असते. पूरक प्रथिने निकामी करून केलेल्या चाचणीत चांगले सीरमही निकामी ठरेल.

व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीचे अखंड संवर्धन साधलेले नाही, कारण त्याला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. रुग्णाच्या रक्तातील परजीवींवर एकाच चक्राची चाचणी करणे, डफी-बंधक प्रथिनाचे तांबड्या पेशीवरील डफी ग्राहीशी जुळणे सीरम रोखते का ते पाहणे, किंवा मानवी तांबड्या पेशींत वाढणाऱ्या नोलेसाय या माकडांच्या परजीवीमध्ये व्हायव्हॅक्सचे जनुक घालणे, असे तीन मार्ग आहेत.

आकडे माणसांशी जोडताना

सीरम लागणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावे आणि त्यानंतर त्याच व्यक्तींना ताप येतो का याचा पाठपुरावा करावा. तापाच्या दिवशी घेतलेल्या सीरमवरून संरक्षणाचा निष्कर्ष काढू नये. ज्यांना डास जास्त चावतात त्यांची प्रतिपिंडे जास्त आणि आजारही जास्त, असा उलटा संबंध सहज दिसतो. म्हणून हंगामात ज्यांच्या रक्तात परजीवी एकदाही सापडला नाही त्यांना ‘संरक्षित’ गटात न घालता वेगळे ठेवावे. त्यांच्यापर्यंत कदाचित डास पोचलाच नसेल. खरी तुलना परजीवी सापडूनही ताप न आलेले आणि ताप आलेले यांच्यात करावी, आणि तीही वय सारखे धरून, कारण वयासोबत सगळ्याच प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे एकत्र वाढतात आणि त्यांतील कोणतेही एक मग संरक्षक असल्याचा भास होतो.